नोंद कोणी ठेवली असेल?

सोलापूरची जुनी गिरणी ऑगस्ट १९४९मध्ये बंद पडली. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी हे तिचे कागदावरचे नाव. १८७७पासून चाललेल्या या गिरणीने सोलापूरला गिरणगाव केले होते. हजारो कामगार घरी बसले, तेव्हा जानेवारी १९५०मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार संचालकांकडून काढून घेतला आणि आपले संचालक नेमले. चिरंजितलाल चौधरी हे भागधारक याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९५०मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी हरले. दरम्यान सरकारनियुक्त संचालकांनी प्रेफरन्स शेअरच्या धारकांकडे शंभराच्या शेअरमागे राहिलेले ५० रुपये मागितले होते. द्वारकादास श्रीनिवास यांनी ते द्यायचे नाकारले, खटला वरपर्यंत नेला आणि डिसेंबर १९५३मध्ये जिंकला. भरपाई न देता अशा रीतीने कारभार ताब्यात घेणे म्हणजे मालमत्ता हिरावून घेणेच आहे, असे न्यायालयाने म्हटले. १९५५ची चौथी घटनादुरुस्ती ज्या निकालांमुळे करावी लागली, त्यांत हा एक होता. कायद्याचे विद्यार्थी देशभर हे दोन्ही निकाल घटनेच्या पेपरसाठी वाचतात. पण त्या निकालपत्रांत कायद्याइतकाच व्यापारही आहे. कंपनीचे भांडवल कसे रचले होते, गैरव्यवस्थापनाचा आरोप कशावरून झाला, संचालकांचे अधिकार कुठे संपतात, भागधारकाच्या हातात नेमके काय असते, हे सगळे तिथे पानापानांवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने आपले निकाल संकेतस्थळावर सर्वांना मोफत खुले केले आहेत. सोलापुरात बसून कंपनी कायदा शिकणाऱ्या एम.कॉम.च्या विद्यार्थ्याला यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही. तरीही 'सोलापुरातील उद्योगाचा अभ्यास' असा विषय घेतलेला विद्यार्थी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन या निकालापर्यंत पोहोचेल, अशी वाट आपण बांधलेली नाही.

ही वाट का नाही, याचे नेहमीचे उत्तर साधनांच्या अभावाचे असते. पुस्तके जुनी, नियतकालिके बंद, महागड्या डेटाबेसची वर्गणी परवडत नाही. यात तथ्य आहे, पण निम्मेच. कंपन्यांच्या आकडेवारीसाठी सीएमआयईचा प्रोवेससारखा संच मोठ्या व्यवस्थापन संस्थांत असतो आणि जिल्ह्यातल्या कॉमर्स कॉलेजात नसतो, हे खरे. पण अनुदानित महाविद्यालयांसाठी २०१०पासून इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट योजना आहे. वर्षाला काही हजार रुपये भरले की सहा हजारांहून अधिक नियतकालिके आणि ई-पुस्तकांचा मोठा साठा विद्यार्थ्याला घरबसल्या वाचता येतो. भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर विनामूल्य आहेत. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ला स्थापन झाले. त्याआधी इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. या दोन्ही विद्यापीठांतून सोलापूरच्या उद्योगधंद्यांवर झालेले संशोधन शोधगंगेत सापडते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर केलेली 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची आहे. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके तिच्यात आहेत. केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी ती आखली असल्याने खासगी संस्थांनी चालवलेल्या कॉलेजांना तिचा फायदा कितपत मिळेल, हा प्रश्न रास्त आहे आणि तो लावून धरायला हवा. पण उद्या ही दारेही सताड उघडली, तरी टेरी टॉवेलच्या निर्यातीवर प्रकल्प करणारा बी.कॉम.चा मुलगा त्या तेरा हजार नियतकालिकांसमोर उभा राहून काय करेल? शोधखिडकीत 'सोलापूर टॉवेल' असे लिहील, चार निरुपयोगी नोंदी पाहील आणि झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या मागच्या वर्षीच्या प्रकल्पाकडे वळेल.

त्या प्रकल्पांचे स्वरूप वाणिज्य शाखेतल्या प्रत्येक शिक्षकाला पाठ आहे. अमुक उत्पादनाबाबत ग्राहकांचे समाधान, 'सोलापूर शहराच्या विशेष संदर्भात'. पन्नास किंवा शंभर जणांकडून भरून घेतलेली प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, रंगीत वर्तुळे, आणि शेवटी कंपनीने जाहिरात वाढवावी अशी शिफारस. संदर्भसूचीत दोन पाठ्यपुस्तके आणि गूगलचा पत्ता. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि पुढे संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक आले आहेत. म्हणजे पूर्वी एम.बी.ए. किंवा एम.कॉम.पुरते असलेले हे काम आता पदवीच्या वर्गावर येत आहे, आणि जिल्ह्यातल्या हजारो मुलांना ते करावे लागणार आहे. त्यासाठी ग्रंथालयाकडून मिळणारी मदत बहुतेक ठिकाणी दोन प्रकारची असते. वर्षाच्या सुरुवातीला एक उद्बोधन वर्ग, ज्यात बीटी कार्ड कसे वापरायचे, किती दिवसांत पुस्तक परत करायचे आणि दंड किती हे सांगितले जाते. आणि कॉलेजच्या संकेतस्थळावर 'उपयुक्त दुवे' या मथळ्याखाली वीसपंचवीस नावांची यादी. दोन्हींमागची तळमळ खरी आहे. पण उद्बोधन वर्ग होतो तेव्हा विद्यार्थ्याजवळ प्रश्न नसतो, आणि प्रश्न पडतो तेव्हा हाताशी फक्त यादी उरते.

व्यापारविषयक माहिती शोधायला शिकवणे म्हणजे एक सवय लावणे, असे माझे म्हणणे आहे. कुठलाही प्रश्न हाती घेतला की आधी विचारायचे, ही गोष्ट लिहून ठेवणे कोणाला भाग पडले असेल, आणि कशासाठी? साहित्याच्या किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्याला लागणारे बरेचसे लेखन वाचकासाठीच लिहिलेले असते. व्यापाराचे तसे नाही. धंद्याची माहिती सहसा कोणी हौसेने लिहीत नाही. ती कर भरताना, कर्ज मागताना, शेअर विकताना, भांडण कोर्टात गेल्यावर, अनुदान घेताना किंवा माल बंदरातून बाहेर जाताना नोंदली जाते. प्रत्येक नोंदीमागे एक सक्ती असते आणि नोंद कुठे सापडेल हे त्या सक्तीवरून कळते. वाणिज्य शाखेच्या मुलाला हे समजायला कठीण जाऊ नये. व्हाउचरशिवाय खतावणीत नोंद करायची नाही, हे तो अकरावीतच शिकलेला असतो. प्रकल्पातल्या प्रत्येक विधानामागेही तसेच व्हाउचर हवे, एवढेच त्याला सांगायचे आहे. आणि संकेतस्थळांची यादी पाठ करून ही दृष्टी येत नाही. संकेतस्थळे दर दोन वर्षांनी पत्ते बदलतात. कोणावर कसली नोंद ठेवण्याची सक्ती आहे, हे त्या मानाने फार सावकाश बदलते.

टॉवेलचेच उदाहरण पुरते घेऊन पाहू. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. मानांकन मागणाऱ्याला आपला माल वेगळा का, तो कुठे व कसा बनतो, त्याचा इतिहास काय, हे सिद्ध करावे लागते. म्हणजे चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयात या दोन्ही वस्तूंची कागदपत्रे असणारच, आणि ती पाहता येतात. माल परदेशी गेला की सीमाशुल्काच्या कागदावर त्याला सांकेतिक क्रमांक पडतो. सुती टेरी कापडाचे टॉवेल ६३०२ या शीर्षकाखाली, ६३०२६० या उपशीर्षकात येतात. हा सहा आकडी क्रमांक माहीत असला की वाणिज्य मंत्रालयाच्या निर्यात-आयात माहितीसंचातून कोणत्या देशाला किती माल गेला याचे वर्षावर्षांचे आकडे पाच मिनिटांत निघतात. तो माहीत नसला तर 'टॉवेल' हा शब्द टाकून दिवसभर बसले तरी हाती काही लागत नाही, कारण त्या संचात वस्तू बाजारातल्या नावाने लावलेल्या नाहीत. अर्थात हा आकडा देशाचा आहे. सोलापूरचा वाटा काढायला दुसरीकडे जावे लागते, आणि कशाचा आकडा कशाला लावू नये हेही इथेच शिकायला मिळते. यंत्रमागधारकाला कर्ज लागते. नाबार्ड दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यासाठी संभाव्य पतपुरवठ्याचा आराखडा काढते, त्यात शेतीबरोबर लघुउद्योगाचेही प्रकरण असते. रिझर्व्ह बँकेच्या माहितीसंचात जिल्हावार ठेवी आणि कर्जे आहेत. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' प्रसिद्ध करते, तेही मराठीत. एवढे गोळा झाल्यावर विद्यार्थी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात गेला, तर तो मालकाला 'तुमच्या अडचणी कोणत्या' असा सरधोपट प्रश्न विचारणार नाही. अमुक वर्षी निर्यात घसरली तेव्हा तुमच्या सुताच्या खरेदीवर काय परिणाम झाला, असे विचारेल. कारखानदारही अशा प्रश्नाला वेगळे उत्तर देतो.

मागे जाऊ तशी सोलापूरची नोंद आणखी भरीव होत जाते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड, १८८४चा, संपूर्ण सोलापूर जिल्ह्यावर आहे. स्वातंत्र्यानंतरचा जिल्हा गॅझेटियर १९७७चा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने या शहराकडे जितके लक्ष दिले तितके महाराष्ट्रातल्या फार थोड्या शहरांच्या वाट्याला आले. आर. जी. काकडे यांची सोलापूरच्या विणकर समाजांची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४७मध्ये प्रसिद्ध झाली. धनंजयराव गाडगीळांचा सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक अभ्यासाचा ग्रंथ १९६५चा. अलीकडे, २०१२मध्ये, डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातल्या छोट्या शहरांच्या भांडवलशाहीवर केंब्रिजकडून पुस्तक काढले, त्यातही सोलापूरचे विणकर आहेत. हातमागाकडून यंत्रमागाकडे जाताना छोट्या कारखानदाराने भांडवल कुठून उभे केले, घरातल्या माणसांचे श्रम कसे मोजले किंवा मोजलेच नाहीत, हे प्रश्न ज्याला आजच्या उद्योगावर लिहायचे आहे त्याचेही आहेत. गोखले संस्थेच्या ग्रंथालयाने आपला जुना संग्रह मोठ्या प्रमाणावर संगणकीय करून खुला केला आहे. पण तिथे शोधणाऱ्याला एक बारीक गोष्ट ठाऊक हवी. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत या शहराचे स्पेलिंग 'स'ने नाही, 'श'ने केलेले आहे. आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला जवळजवळ शंभर वर्षांचे लेखन दिसतच नाही. अनुभवी ग्रंथपालाला अशा पन्नास गोष्टी माहीत असतात, त्या कोणत्याही सूचीत लिहिलेल्या नसतात आणि विद्यार्थ्याने आपणहून शोधून काढाव्यात अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. खुद्द कपाटांतही तीच अडचण आहे. ड्यूई दशमान पद्धतीत उद्योगाचे अर्थशास्त्र ३३८ला, परदेश व्यापार ३८२ला, व्यवस्थापन ६५८ला आणि वस्त्रनिर्मिती ६७७ला. एकाच टॉवेलची पुस्तके चार वेगवेगळ्या रांगांत बसतात, आणि कॉमर्सच्या मुलाला फक्त ६५८ची रांग दाखवलेली असते.

यावर पहिला आक्षेप आजकाल हमखास येतो. मुलांच्या हातात मोबाइल आहे, आता तर प्रश्न विचारला की परिच्छेद लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आहे, मग ग्रंथपालाला मध्ये कशाला आणायचे? ही साधने उपयोगी आहेत, हे आधी मोकळेपणाने मान्य करावे. एखादी संकल्पना समजून घ्यायला, इंग्रजी उताऱ्याचा मराठी आशय कळायला, शोधासाठी पर्यायी शब्द सुचवायला ती चांगलीच कामी येतात आणि ग्रंथालयाने त्यांच्यावर बहिष्कार टाकू नये. पण ती देतात ते उत्तर असते, नोंद नसते. ती कधी कधी अस्तित्वात नसलेल्या लेखांचे संदर्भ इतक्या सफाईने देतात की नवख्याला शंकाही येत नाही. सोलापूरच्या यंत्रमागांची संख्या विचारली तर आकडा येईल. तो कोणत्या वर्षाचा, कोणी मोजला, बंद पडलेले माग धरून की वगळून, हे सांगणारी व्यक्ती त्या आकड्यामागे उभी नसते. ज्याला नोंद कोणी ठेवली हे विचारायची सवय आहे, त्याच्या हाती हे यंत्र उत्तम मदतनीस ठरेल. ज्याला ती नाही त्याला ते बेधडक खोट्यात पाडेल. म्हणजे साधने जितकी वेगवान होतील तितकी ही सवय लावणाऱ्या माणसाची गरज वाढते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि त्याला सहज उडवून लावता येणार नाही. सोलापूरची अर्थव्यवस्था बहुतांशी असंघटित आहे. घरातले माग, घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका, चाटी गल्लीतला उधारीचा व्यवहार, बाजार समितीतली हमाली. यांची नोंद कोण ठेवतो? जिथे कागदच नाही तिथे कागद शोधायला शिकवून काय साधणार? याचे एक उत्तर असे की कागद वाटतो त्यापेक्षा जास्त असतो. विडी उद्योगच पाहा. विडी आणि सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा १९६६चा, विडी कामगार कल्याण निधीचा आणि उपकराचा कायदा १९७६चा. उपकर गोळा करायचा तर मोजावे लागते. कल्याण निधीतून घर, दवाखाना, शिष्यवृत्ती द्यायची तर कामगाराला ओळखपत्र द्यावे लागते. त्यामुळे घराच्या उंबऱ्याआड चालणाऱ्या या कामाचा माग सरकारी कागदांत उमटत राहिला. पुढे जुलै २०१७मध्ये वस्तू व सेवा कर आला, तो उपकर रद्द झाला आणि त्याच्या वसुलीतून दरवर्षी तयार होणारी नोंदही थांबली. कायदा बदलला की ज्ञानही बदलते, याचा इतका स्वच्छ दाखला पाठ्यपुस्तकात मिळणे अवघड. दुसरे उत्तर माझ्या मते अधिक मोलाचे आहे. सगळीकडे शोधून नोंद नाही असे ठरले, तर ते ठरणे हाच संशोधनातला पहिला निष्कर्ष असतो. काकडे यांना विणकरांची घरोघर पाहणी करावी लागली, कारण त्यांना हवे ते दुसऱ्या कोणी लिहून ठेवले नव्हते. आजच्या प्रश्नावल्या पोकळ वाटतात त्या त्यांतल्या नमुन्याच्या आकारामुळे वाटत नाहीत. आधी काय माहीत आहे हे न पाहताच त्या वाटल्या जातात, म्हणून वाटतात. नोंदीचा शोध संपतो त्या जागेपासून प्रश्नावली सुरू झाली, तर पन्नास विडी कामगार स्त्रियांच्या मुलाखतीही जिल्ह्याच्या ज्ञानात खरी भर घालतील.

भाषेची अडचण मात्र मी आक्षेप म्हणून मांडणार नाही. ती वस्तुस्थिती आहे. इथला विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेला असतो. घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी उर्दू बोलत असतो. आणि ज्या नियतकालिकांकडे त्याला पाठवायचे ती इंग्रजीत. अशा वेळी त्याला इंग्रजी येत नाही म्हणून संशोधन झेपणार नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. प्रत्यक्षात सुरुवातीची पायरी मराठीत बांधता येते. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी मराठीत निघते, जिल्ह्याचे समालोचन मराठीत आहे, मराठी अर्थशास्त्र परिषदेचे 'अर्थसंवाद' हे नियतकालिक आहे, मराठी विश्वकोश संगणकावर खुला आहे. इथे संज्ञा पक्क्या झाल्या की इंग्रजी तक्त्याची भीती निम्मी होते, कारण तक्ता वाचायला व्याकरणापेक्षा विषय कळावा लागतो. संदर्भविभागात बसणाऱ्या माणसाने विद्यार्थ्याशी त्याच्या बोलीत बोलावे आणि त्याचा बाजारातल्या शब्दांत मांडलेला प्रश्न नोंद ठेवणाऱ्यांच्या शब्दांत उतरवून द्यावा. 'बाबा, लोक हल्ली हैदराबादहून माल का घेतात?' या प्रश्नात किंमत, वाहतूक, पत, रंगकाम असे चार वेगळे प्रश्न आहेत आणि चारही प्रश्नांच्या नोंदी चार ठिकाणी आहेत. हे उलगडून देणे पंधरा मिनिटांचे काम आहे, पण ती पंधरा मिनिटे माणसानेच द्यायला हवीत.

आणि माणूस आहे कुठे, असा पुढचा प्रश्न ग्रंथपालच विचारतील. त्यांचा हा प्रश्न रास्त आहे. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद वर्षानुवर्षे भरलेले नाही. जिथे आहे तिथे एकच व्यक्ती देवघेव, दाखल नोंदणी, नॅकची कागदपत्रे आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेली अभ्यासिका सांभाळते. तिच्या डोक्यावर आणखी एक काम टाकणे हा उपाय असू शकत नाही. रिक्त पदे भरणे ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती टळू देता कामा नये. पण आहे त्या बळावरही कामाची मांडणी बदलता येते. एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१च्या पाच सूत्रांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. साठ विद्यार्थ्यांना साठ वेळा तेच सांगण्यापेक्षा जिल्ह्यातल्या दहाबारा उद्योगांची एकेक मार्गदर्शिका तयार केली तर वाचकाचाही वेळ वाचतो आणि ग्रंथपालाचाही. टॉवेल व चादर, गणवेश, साखर, डाळिंब, कांद्याचा व्यापार, विडी, सहकारी बँका, पंढरपूरच्या वारीभोवतीचे अर्थकारण. प्रत्येकीत कोण, काय, कशासाठी नोंदवतो एवढेच लिहायचे. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला आहे आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठही त्याच परिसरात, पुण्याच्या रस्त्यावर. एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ म्हणून ज्याला कधी लहान समजले गेले, त्याला हे काम इतर कुणापेक्षा सोपे जाईल, कारण त्याच्या सगळ्या महाविद्यालयांचा आर्थिक परिसर एकच आहे. एका कॉलेजाने साखरेची मार्गदर्शिका करावी, दुसऱ्याने विडीची, आणि सर्वांनी सगळ्या वापराव्यात. अमेरिकेतल्या न्यूअर्क शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात जॉन कॉटन डेना यांनी १९०४मध्ये व्यापाऱ्यांसाठी स्वतंत्र शाखा उघडली. कारखान्यांच्या गावात व्यापाऱ्याला लागणारी माहिती कादंबऱ्यांच्या कपाटामागे पडून राहू नये, हा त्यामागचा विचार होता. सोलापूरही कारखान्यांचेच गाव आहे, आणि इथल्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांना या कामात सामील करून घेतले तर विद्यार्थ्याबरोबर छोटा व्यापारीही त्याच टेबलापाशी येईल.

ग्रंथपालाने कितीही केले तरी गुण शिक्षकाच्या हातात असतात, आणि विद्यार्थी गुणांमागे जातो. त्यात त्याचा दोष नाही. प्रकल्पाच्या शंभर गुणांतले बहुतेक गुण बांधलेल्या अहवालाला आणि तोंडी परीक्षेला असतील, तर विद्यार्थी अहवाल बांधून आणेल. त्याने तो कुठून आणला हे कोणी विचारत नाही. वीस गुण शोधाच्या टिपणाला ठेवले तर चित्र बदलते. प्रश्न काय होता, कोणती नोंद असेल असे वाटले, कुठे शोधले, काय सापडले, काय सापडले नाही, सापडलेल्यातले काय विश्वासार्ह वाटले नाही आणि का. तीनचार पानांचे हे टिपण अहवालाच्या दोन महिने आधी ग्रंथपाल आणि शिक्षक दोघांनी मिळून पाहायचे. विकत घेतलेल्या प्रकल्पाला असे टिपण जोडता येत नाही, कारण त्यात फसलेले शोध दाखवावे लागतात.

शेवटचा आक्षेप पालकांचा असतो आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. बी.कॉम. झालेल्या मुलाला नोकरी हवी, संशोधन घेऊन तो काय करणार? पण सोलापूरच्याच रोजगाराकडे पाहा. बँकेत कर्जाचा अर्ज तपासणाऱ्याला अर्जदाराच्या धंद्याची बाहेरची परिस्थिती पडताळावी लागते. करसल्लागाराला अधिसूचना कुठे निघते आणि ती कोणत्या तारखेपासून लागू होते हे शोधावे लागते. वडिलांचे चार माग चालवायला बसलेल्या मुलाला सुताचा भाव, आयात शुल्क आणि परदेशातल्या खरेदीदाराची पत पाहावी लागते. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही सोलापूरची कंपनी २०१६मध्ये शेअर बाजारात आली. बालाजी अमाइन्स त्याआधीपासून तिथे आहे. शेअर विकायला निघालेल्या कंपनीला सेबीच्या नियमांप्रमाणे माहितीपत्रक काढावे लागते. त्यात ती आपले ग्राहक, आपले स्पर्धक, आपल्यावरचे खटले आणि आपल्या धंद्यातले धोके स्वतःच्या हाताने, कायद्याच्या धाकाने लिहिते. मुलाखतीला जाण्याआधी हे माहितीपत्रक वाचून गेलेला उमेदवार आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचे 'आमच्याविषयी' हे पान वाचून गेलेला उमेदवार यांच्यातला फरक मुलाखत घेणाऱ्याला दुसऱ्या प्रश्नालाच कळतो. ते शेकडो पानांचे माहितीपत्रक फुकट आहे, सेबीच्या संकेतस्थळावर आहे, आणि त्यातले धोक्यांचे प्रकरण कसे वाचायचे हे एम.कॉम.च्या वर्गाला दोन तासांत शिकवता येते. हे दोन तास वेळापत्रकात घालायला नवा निधी लागत नाही. विभागप्रमुखाने आणि ग्रंथपालाने जूनमध्ये एकत्र बसून प्रकल्पाचे वेळापत्रक आखायला हवे.